पेढीवरच्या सॉफ्टवेअरची मांडणी आणि थीम: विनफॉर्म्स, डब्ल्यूपीएफ, क्यूटी की इलेक्ट्रॉन?

मार्केट यार्डातली गुळाची अडत, गुजरीतलं सराफी दुकान, शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री, साखर कारखान्याचा वजनकाटा. कोल्हापुरातल्या या जागांवर सकाळी उघडलेली स्क्रीन रात्रीच बंद होते. पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब) करणारा दिवाणजी त्याच चौकटीत दिवसभर रवे (गुळाच्या ढेपा), वजन, दर, हमाली भरत असतो. रकाने कुठे बसलेत आणि कोणत्या रंगात दिसतात, यावर त्याचा वेग ठरतो आणि डोळ्यांवरचा ताणही.

अशा स्क्रीन बनवायची चार साधनं इथे तपासली आहेत: मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट (.नेट) मधलं जुनं विनफॉर्म्स आणि त्यानंतरचं डब्ल्यूपीएफ, विंडोज-लिनक्स दोन्हींवर चालणारं क्यूटी, आणि वेबपानाच्या तंत्राने प्रोग्रॅम बनवणारं इलेक्ट्रॉन. आमचं मत आधीच सांगतो. फक्त विंडोजवर चालणारं नवं काम असेल तर डब्ल्यूपीएफ. लिनक्सही हवं असेल, किंवा वापरणाऱ्याला पॅनेल हवी तशी हलवता यायला हवीत, तर क्यूटी. टीमला वेबचंच काम येत असेल आणि ग्राहकाच्या यंत्रात निदान ८ जीबी रॅम असेल तर इलेक्ट्रॉन. विनफॉर्म्समध्ये नवी सुरुवात करू नये; मात्र चालू असलेलं विनफॉर्म्स टाकूनही देऊ नये.

आधी ग्राहकाचं यंत्र बघा

दुकानातल्या बऱ्याच स्क्रीन अजून १३६६ × ७६८ च्या आहेत. अक्षर मोठं दिसावं म्हणून विंडोजमध्ये १२५ टक्के स्केल लावला की प्रोग्रॅमच्या हाती उरतात सुमारे १०९३ × ६१४. त्यातून विंडोज १० च्या टास्कबारचे ४० गेले की उंची ५७४, आणि टायटल बार अजून बाकीच आहे. १९२० × १०८० वर आखलेल्या फॉर्मचं 'सेव्ह' बटण अशा वेळी स्क्रीनच्या खाली जातं. म्हणून मुख्य खिडकीची किमान मर्यादा १०२४ × ५४० धरून मांडणी करावी, कोणतंही साधन घेतलं तरी.

विंडोज ७ असलेले ग्राहक सोडायचे नसतील तर पर्याय लगेच कमी होतात. इलेक्ट्रॉनची २२ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका. क्यूटी ६ ला किमान विंडोज १० लागतं, त्यामुळे ५.१५ वर थांबावं लागतं. डब्ल्यूपीएफ आणि विनफॉर्म्स .नेट फ्रेमवर्क ४.८ सोबत विंडोज ७ एसपी१ वर नीट चालतात.

मांडणी: खरा फरक इथे आहे

विनफॉर्म्समध्ये बहुतेक जण कंट्रोल (बटण, रकाना असे स्क्रीनवरचे घटक) माउसने ओढून ठेवतात आणि अँकर लावतात, म्हणजे त्यांच्या कडा खिडकीच्या कडांशी बांधतात. खिडकी रुंद झाली की अँकर रकाना ताणतो, पण शेजारच्या लेबलचा मजकूर वाढला तर दोन्ही एकमेकांवर चढतात. टेबल लेआउट पॅनेल २००५ पासून हाताशी आहे: लेबलचा कॉलम ऑटोसाइझ, रकान्याचा कॉलम १०० टक्के. एवढं केलं तरी निम्मा त्रास संपतो. उरलेला त्रास स्केलचा. एकाने १०० टक्क्यांवर बनवलेला फॉर्म दुसऱ्याने १२५ टक्क्यांच्या लॅपटॉपवर उघडून सेव्ह केला की मापं बदलून लिहिली जातात. टीममध्ये डिझायनर (फॉर्म आखायची खिडकी) सगळ्यांनी १०० टक्क्यांवरच उघडायचा, हा नियम करून टाका.

डब्ल्यूपीएफमध्ये मापाचं एकक इंचाचा ९६ वा भाग आहे, त्यामुळे स्केल बदलला तरी मांडणी तशीच राहते. ग्रिडला (मांडणीच्या चौकटीला) ओळी आणि कॉलम द्यायचे: मजकुराइतकं हवं तिथे ऑटो, उरलेल्या जागेत वाटणी हवी तिथे तारा (*). डावीकडे शेतकऱ्याची माहिती एक तारा, उजवीकडे मालाची यादी दोन तारे. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे डेटाग्रिड (नोंदींचा तक्ता) स्टॅक पॅनेलमध्ये, म्हणजे घटक एकाखाली एक रचणाऱ्या चौकटीत, ठेवणं. उभं स्टॅक पॅनेल आतल्या कंट्रोलला अमर्याद उंची देतं, म्हणून डेटाग्रिडला सगळ्याच ओळी दिसताहेत असं वाटतं आणि तो पाच हजार ओळी एकदम तयार करायला बसतो. स्क्रीन गोठते, दोष डेटाबेसवर जातो. डेटाग्रिड ग्रिडच्या तारा-ओळीत हलवला की फक्त दिसणाऱ्या ओळी बनतात.

क्यूटीचे लेआउट याच तोडीचे आहेत, आणि पॅनेल हलवण्याची सोय तयार मिळते. डॉक विजेट (हलवता येणारं पॅनेल) ओढून खिडकीच्या कोणत्याही कडेला लावता येतं किंवा सुटं ठेवता येतं. बंद करताना सेव्ह स्टेट आणि उघडताना रिस्टोर स्टेट वापरलं की मांडणी लक्षात राहते. प्रत्येक डॉकला आणि टूलबारला ऑब्जेक्ट नेम द्यायला मात्र विसरू नका. नाव नसेल तर ते पॅनेल परत जागेवर येत नाही. नवीन आवृत्तीत पॅनेल बदलली तर सेव्ह स्टेटचा आवृत्ती क्रमांक वाढवा, म्हणजे जुनी जतन मांडणी नाकारली जाते. मेनूत 'मूळ मांडणी' ठेवाच, कारण कोणीतरी यादी चुकून बंद करतो आणि फोन येतो. डब्ल्यूपीएफमध्ये हेच हवं असेल तर अव्हलॉनडॉकसारखी वेगळी लायब्ररी जोडावी लागते.

इलेक्ट्रॉनमध्ये सीएसएस (वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा) आणि तिचं ग्रिड असल्यामुळे मांडणीला मर्यादा जवळपास नाहीतच. एक खाचखळगा आहे: '१ एफआर'चा (उरलेल्या जागेतला एक वाटा घेणारा) कॉलम आतल्या मजकुरापेक्षा अरुंद व्हायला तयार नसतो, म्हणून रुंद तक्ता अख्खी खिडकी ढकलतो. तिथे मिनमॅक्स (किमान-कमाल माप) लिहून किमान रुंदी शून्य करा.

थीम

रंगांना नावं कामावरून द्या: पृष्ठभाग, मजकूर, रेघ, येणे, देणे, इशारा. 'गडद निळा' असं नाव दिलं की दुसऱ्या थीममध्ये ते खोटं ठरतं.

इथे इलेक्ट्रॉन सगळ्यात सोपं. सीएसएस व्हेरिएबलचे दोन संच आणि मूळ घटकावर एक खूण, झालं. सुरू होताना पांढरा झोत दिसतो तो टाळायला खिडकीचा बॅकग्राउंड रंग आधी द्या आणि ती तयार झाल्यावरच दाखवा.

डब्ल्यूपीएफमध्ये प्रत्येक थीमची रिसोर्स डिक्शनरी (रंग आणि शैलींची यादी) वेगळी ठेवून चालू प्रोग्रॅममध्ये अदलाबदल करता येते. रंग डायनॅमिक रिसोर्सने जोडलेले हवेत. स्टॅटिक रिसोर्स एकदाच वाचला जातो आणि थीम बदलली तरी जुनाच रंग धरून बसतो. अर्धी स्क्रीन काळी, अर्धी पांढरी दिसली की कारण बहुधा हेच. कॉम्बोबॉक्सला नुसता बॅकग्राउंड देऊन भागत नाही, त्याचा टेम्प्लेटच (आतल्या रचनेचा साचा) बदलावा लागतो. त्यासाठी वेळ वेगळा धरा.

क्यूटीत आधी फ्यूजन स्टाइल (क्यूटीचं तयार रूप) आणि पॅलेट (रंगसंच), मग गरजेपुरती स्टाइलशीट (सीएसएससारखे रूपाचे नियम). स्टाइलशीटमध्ये व्हेरिएबल नसतात, म्हणून खुणा घातलेली फाइल ठेवून लोड करताना रंग भरावे लागतात. कॉम्बोबॉक्सला बॉर्डर दिली तर खालचा बाणही स्वतःच द्यावा लागतो.

विनफॉर्म्सला गडद थीम .नेट ९ मध्ये, २०२४ साली, प्रायोगिक स्वरूपात आली. जुन्या फ्रेमवर्कवर प्रत्येक कंट्रोल स्वतः रंगवत बसावं लागतं. ते करू नका. एक चांगली उजळ थीम द्या आणि थांबा.

गडद थीम सगळीकडे चांगली असंही नाही. वजनकाट्याच्या केबिनला काच असते, दुपारच्या उन्हात गडद स्क्रीन आरशासारखी चमकते. तिथे उजळ थीम, आणि हंगामात रात्रपाळीला गडद. अदलाबदल एका कळीवर हवी. मजकूर आणि पृष्ठभाग यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ ठेवा. 'नावे' आणि 'जमा' यांच्यात फरक फक्त लाल-हिरव्याने दाखवू नका, शब्दही लिहा. हे दोन रंग वेगळे न ओळखता येणारी माणसं पेढीवरही असतात.

मराठी अक्षर

थीममध्ये फक्त इंग्रजी फॉन्ट लिहिला तर विंडोज देवनागरीसाठी स्वतःच दुसरा फॉन्ट (विंडोज १० वर निर्मला यूआय) घेते, आणि एकाच ओळीत दोन फॉन्टची उंची जुळत नाही. 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हा फॉन्ट सोबत द्या, दोन्हींचा परवाना मोकळा आहे. डब्ल्यूपीएफ, क्यूटी आणि इलेक्ट्रॉनमध्ये फॉन्ट प्रोग्रॅमसोबत सहज जातो. विनफॉर्म्समध्ये तो यंत्रावर बसवणंच बरं. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट धरा, नाहीतर 'हुपरी'चा उकार आणि 'कर्ज'चा रफार कापला जातो.

इलेक्ट्रॉनमध्ये मराठी लोकेलने (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगने) रक्कम दाखवली की आकडे देवनागरीत येतात. ग्राहकाला इंग्रजी आकडे हवे असतील तर अंकपद्धत वेगळी सांगावी लागते. डॉटनेट मात्र इंग्रजी अंकच देतं आणि १,२३,४५६ अशी स्वल्पविरामांची मांडणीही बरोबर करतं.

जुनं विनफॉर्म्स असेल तर

एलिमेंट होस्ट वापरून विनफॉर्म्सच्या फॉर्ममध्ये डब्ल्यूपीएफचा भाग बसवता येतो. त्यामुळे एकेक स्क्रीन बदलता येते. सुरुवात पट्टीच्या स्क्रीनपासून करा, दिवसभर तीच उघडी असते. बदललेल्या भागात टॅब आणि एंटर दोन्ही तपासा. दिवाणजीचा हात एंटरने पुढच्या रकान्यात जायला सरावलेला असतो, आणि डब्ल्यूपीएफच्या साध्या रकान्यात एंटरने फोकस पुढे जात नाही. तेवढा कोड पहिल्याच दिवशी लिहा आणि मगच पेढीवर बसवा.