म्हापशाची जुनी कॅम्पर व्हॅन: आठ दिवसांच्या प्रवासानंतर

म्हापशाजवळच्या एका व्यावसायिकाकडून आम्ही १९७० च्या दशकातील फोक्सवॅगनची कॅम्पर व्हॅन भाड्याने घेतली आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ ने काणकोण, कारवार, गोकर्ण करीत मुर्डेश्वर गाठून अनमोड घाटाने परतलो. आतली सोय मनापासून आवडली. बाकाची गादी ओढली की दोघांचा बिछाना होतो आणि मागचे दार उघडे ठेवून झोपले की समुद्राचा वारा थेट अंगावर येतो.

तक्रार मात्र गंभीर आहे. या गाडीचे इंजिन मागे असते आणि ते हवेनेच थंड होते. रेडिएटर नाही, त्यामुळे चढणीवर त्याला विसावा द्यावाच लागतो. करमल घाट ओलांडल्यावर पेट्रोलचा वास आला. मागचे झाकण उघडले, तर रबरी नळीला पडलेल्या भेगेतून एकेक थेंब तापलेल्या पत्र्याच्या अगदी जवळ गळत होता. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर लवकर खराब होते, हे भाड्याने देणाऱ्याला ठाऊक असायलाच हवे. फोनवर त्यांनी ‘नळी गेल्याच वर्षी बदलली आहे’ एवढेच सांगितले. काणकोणमधील चावडी या गावच्या मेकॅनिकने इथेनॉल सोसणारी नळी आणि नव्या क्लिपा अर्ध्या तासात बसवल्या, आणि मुलांना शेजारच्या दुकानातून सोडाही आणून दिला. त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत.

अनमोड दुसऱ्या गिअरमध्येच उतरलो. गाडी पुन्हा नक्की घेईन, परंतु निघण्यापूर्वी मागचे झाकण स्वतः उघडून नळ्या हाताने दाबून पाहीन आणि अग्निशामक सिलिंडरही मागून घेईन.