बडोद्याच्या लातीवरचं आयात सागवान: बारसाखेसाठी घ्यावं का?

भिंत दाराच्या उंचीला येण्याआधी चौकट हातात हवी. त्यामुळे लाकडाचा निर्णय टाइल्स-नळांच्या कितीतरी आधी घ्यावा लागतो, आणि बहुतेकदा तो घाईत होतो. बडोद्याच्या लातीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, बारसाखेसाठी (दाराच्या चौकटीच्या लाकडासाठी) साधारण चार प्रकार पुढे केले जातात: वलसाडी सागवान, आयात सागवान, मलेशियन साल आणि पाइन. आयात सागवान घाना, नायजेरिया, पनामा, इक्वेडोर अशा देशांच्या नावानं विकतात. सगळ्यात जास्त संभ्रम याच्याबद्दल असतो, म्हणून हा रिव्ह्यू त्याचा.

मत आधी सांगतो. आतल्या खोल्यांची दारं, कपाटं, पलंग यांना हे लाकूड चांगलं. मुख्य दार, बाथरूम आणि पावसाच्या बाजूच्या खिडक्यांच्या चौकटींना मात्र एकेक नग पाहून निवडू देत असतील तरच घ्यावं.

लाकूड बहुतेक वेळा सागाचंच असतं. प्रश्न त्याच्या वयाचा आहे. जंगलातला साग 60-80 वर्षं उभा राहून मग कापला जायचा. परदेशी लागवडीतला बराचसा साग 15 ते 25 वर्षांत कंटेनरमध्ये चढतो. ताकदीत यामुळे फार मोठा फरक पडत नाही. फरक पडतो तो टिकण्यात. सागाला वाळवी, म्हणजे इथली उधई, सहसा लागत नाही याचं श्रेय टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांना आहे आणि ती असतात गाभ्यात. गाभ्याभोवतीच्या पांढऱ्या लाकडात हे संरक्षण नसतं. सागाच्या नावाखाली पांढरं लाकूड घेणं म्हणजे साध्या लाकडाला सागाचे पैसे देणं.

हे पांढरं किती असतं त्याचा हिशेब करून पाहा. 24 इंच घेराच्या ओंडक्याचा व्यास साधारण 7.6 इंच. कडेनं एक इंच पांढरं धरलं तर गाभा उरतो 5.6 इंचांचा, म्हणजे कापलेल्या तोंडाच्या निम्म्याहून थोडाच जास्त, 54-55 टक्के. तेच एक इंच पांढरं 60 इंच घेराच्या ओंडक्याला असेल तर गाभा 80 टक्के भरतो. आता 5 बाय 3 इंचाच्या बारसाखेचा कर्ण मोजा: 5.8 इंच. लहान ओंडक्याच्या गाभ्यात ती मावतच नाही, कोपऱ्यांना पांढरं येणारच. मग तो भाग तपकिरी रंगानं पुसून एकजीव केला जातो. लातीवर उभे असतानाच पटाशीनं कोपरा अर्धा मिलिमीटर तासून घ्या. खाली फिकट पिवळं निघालं तर तो नग बाजूला. तासू द्यायला नकार मिळाला तर दुसरी लाती बघा.

लहान ओंडक्याची दुसरी खोड जास्त त्रासाची. एवढ्या जाडीची बारसाख त्यातून काढायची म्हणजे खोडाचा मधोमध असलेला बिंदू नगाच्या आतच राहतो. लाकूड सुकताना वर्तुळाच्या दिशेनं जास्त आकसतं, केंद्राच्या दिशेनं जवळजवळ निम्मंच. मधला बिंदू आत कोंडलेला असला की हा ताण सुटायला जागा राहत नाही आणि पृष्ठभागापासून मध्यापर्यंत उभी चीर जाते. कितीही चांगला सुतार असला तरी ती थांबवता येत नाही. पुट्टी भरली तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते. म्हणून नगाची दोन्ही टोकं बघा. वर्षवलयांची पूर्ण गोल वर्तुळं दिसली तर मध्य आत आहे. वलयं नुसती कमानीसारखी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलेली असली तर तो नग मध्याबाहेरून काढलेला आहे. तोच घ्या.

ओलावा. ‘सुको माल छे’ हे वाक्य प्रत्येक लातीवर ऐकू येतं, त्यावर जाऊ नका. ओंडका समुद्रावरून आला म्हणून सुकत नाही. चिरल्यावरच तो खरा सुकायला लागतो. बारसाखेला 12 टक्क्यांच्या आसपास ओलावा हवा. 30 टक्क्यांवरून 12 वर येताना 5 इंच रुंदीची बाजू 3-4 मिलिमीटर आकसू शकते. भिंतीला प्लास्टर झाल्यावर चौकटीच्या कडेनं जी बारीक फट दिसते ती बऱ्याचदा हीच, आणि दोष मात्र गवंड्याला मिळतो. पिनांचं मीटर असेल तर टोकाला लावू नका, टोक सगळ्यात आधी सुकतं. टोकापासून फूटभर आत लावा. मीटर नसेल तर एका नगाचा तुकडा तितक्याच आतून कापून घ्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, ओव्हनमध्ये 100 अंशांच्या थोडं वर ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा. 250 ग्रॅमचे 200 झाले तर 50 भागिले 200, म्हणजे 25 टक्के. असा माल चौकटीला लावण्याजोगा नाही. घ्यायचाच असेल तर काही महिने आधी घ्या, जमिनीपासून उंच रचा, प्रत्येक थरात दोन-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत येतील अशा ठेवा, टोकांना रंग किंवा मेण लावा आणि सावलीत राहू द्या. उन्हात सुकवलेला साग लवकर सुकतो आणि लवकर पिळतो.

आता माप. चिरलेल्या मालाचं गणित सरळ आहे: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, गुणाकाराला 144 नं भागा. 7 फुटांचे दोन उभे आणि साडेतीन फुटांचा एक आडवा, 5 बाय 3 चा, तर 17.5 × 5 × 3 भागिले 144, म्हणजे 1.82 घनफूट. ओंडक्याचं गणित वेगळं: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. 36 इंच घेर आणि 8 फूट लांबीचा ओंडका या पद्धतीनं 4.5 घनफूट भरतो, प्रत्यक्षात तो 5.7 च्या जवळ असतो. ही जुनी पद्धत आहे, त्यात लबाडी नाही. चिराईत जाणारी घट त्यात आधीच थोडी धरलेली असते. लबाडी होते ती घेर सालीवरून मोजण्यात आणि चिरलेल्या मालात रंधा मारण्याआधीची जाडी लावण्यात. बिल 3 इंचाचं आणि हातात पावणेतीन, तर आठ टक्क्यांहून थोडे जास्त तिथंच गेले.

वलसाडी सागवान याहून चांगलं, हे खरंच आहे. गडद, तेलकट, हाताला वजनदार, चामड्यासारखा वास, पाण्याचा थेंब क्षणभर मोत्यासारखा उभा राहतो. पण ते आता भरपूर मिळत नाही आणि त्याला कारणं आहेत. डांगच्या जंगलातला हाच साग बाहेर काढायला गायकवाड सरकारनं बिलिमोरा ते वघई अशी 63 किलोमीटरची नॅरो गेज टाकली, 1913 मध्ये ती धावू लागली. बडोद्यातल्या दांडिया बाजाराच्या जुन्या घरांतले खांब बघितले की तेव्हाच्या खोडांचा घेर कळतो. तसं लाकूड कायम निघत राहणार नव्हतं. 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणानं जंगल हे आधी माती-पाण्याच्या रक्षणासाठी, महसूल नंतर, असं ठरवलं. 12 डिसेंबर 1996 ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मंजूर कार्य योजनेशिवाय जंगलतोड थांबवली. मागणी मात्र थांबली नाही, ती कांडला बंदराकडे, म्हणजे आयात मालाकडे वळली. बर्मा सागाचा दरवाजाही 1 एप्रिल 2014 ला म्यानमारनं ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर मिटला. तेव्हा ‘ताजा बर्मा ओंडका’ म्हणून कुणी काही दाखवलं तर तिथंच संभाषण संपवावं.

इथल्या जंगलाचं लाकूड घेऊ नये, असा याचा अर्थ होत नाही. वन खात्याच्या डेपोतून लिलावानं निघणारा साग किंवा डांगातल्या शेतकऱ्याच्या मालकीच्या झाडाचा साग रीतसर परवान्यानं आला तर तो घेणं चांगलंच. झाडाचा पैसा झाड राखणाऱ्याकडे जातो. अडचण एवढीच की डेपोत लॉट विकला जातो, दोन बारसाखांचं लाकूड नाही. तीन-चार घरांनी मिळून घेतलं तर जमण्यासारखं आहे. लातीवर ‘वलसाडी’ म्हणून घेत असाल तर वाहतूक परवाना दाखवायला सांगा. कागद नसेल तर ते चोरटं असू शकतं, किंवा वलसाडी नसूच शकतं.

बाकीच्या दोघांबद्दल थोडक्यात. मलेशियन साल जड आणि मजबूत आहे, पण ते नाव एका झाडाचं नाही, त्यात निरनिराळी लाकडं येतात आणि प्रत्येक खेपेला टिकाऊपणा बदलतो. खिळा मारण्याआधी भोक पाडावंच लागतं. पाइन आतल्या फ्रेमला, पॅनेलिंगला ठीक. बारसाखेला, विशेषतः बडोद्याच्या जमिनीत उधई असताना, प्रक्रिया न करता कधीही नको.

आयात सागात थोडं पांढरं राहिलंच तर उपाय आहे. 10 लिटर कोमट पाण्यात 200 ग्रॅम बोरिक आम्ल आणि 300 ग्रॅम बोरॅक्स विरघळवा. लाकूड ओलं असतानाच दोन-तीन हात मारा आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दोन-तीन आठवडे ठेवा, म्हणजे द्रव आत मुरतो. मग सुकवा. सुक्या लाकडावर मारलं तर ते वरच राहतं. पाण्यानं हे धुपून जातं, म्हणून बाथरूमसाठी यावर विसंबू नका. भिंतीला टेकणाऱ्या बाजूला डांबराचा हात द्या, प्रत्येक उभ्याला तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) लावा आणि पाय फरशीत गाडू नका. खाली ग्रॅनाइटचा तुकडा ठेवून त्यावर उभा करा. चौकट कुजते ती जवळजवळ नेहमी पायापासून.

बिलावर फक्त ‘सागवान’ लिहून घेऊ नका. देश, रंधा मारल्यानंतरचं माप, ‘पांढरं लाकूड नाही’ आणि ओलाव्याचा टक्का, हे चारही लिहून घ्या. जो लातीवाला हे लिहून देतो त्याचा भाव घनफुटाला थोडा जास्त असला तरी तिथूनच घ्या.