बारा वड्यांची शाळकरी रंगपेटी, शिवडीच्या गंजासाठी

२०२०च्या टाळेबंदीत जाहिरातीच्या कंपनीतली नोकरी गेली, तेव्हा ट्यूबचे रंग परवडेनात. मग भाचीच्या दप्तरातली बारा वड्यांची पेटी उचलली. कंपनी कुठली ते विचारू नका, झाकणावरचं नाव तिनं कंपासनं खरवडून टाकलंय. लोकल बंद होती, म्हणून काळाचौकीहून चालतच शिवडीच्या जेट्टीवर जायचो. ओहोटीला चिखलात कलंडलेले पडाव, गंजलेले नांगर, दक्षिणेला दारूखान्यात तोडायला आलेली जहाजं.

अशा चित्रांसाठी पेटीतली तपकिरी वडी एक नंबर. बर्न्ट सिएना जातीच्या तपकिरीत बहुधा लोखंडाचा ऑक्साइड असतो, म्हणजे गंजच. गंज रंगवायला गंज! त्यात गडद निळा मिसळला की ओल्या चिखलाचा करडा मिळतो. पेटीतला काळा मात्र सावलीला लावू नका, चित्राला भोक पडल्यासारखं दिसतं. पांढरा म्हणजे निव्वळ खडू. लाल टिकत नाही: खिडकीत टांगलेल्या चित्रातली लाल होडी उन्हाळाभरात गुलाबी झाली.

वड्या कोरड्या असतात, घासून घासून ब्रशचे केस जातात. बसल्याबसल्या प्रत्येक वडीवर दोन थेंब पाणी सोडा आणि पेन्सिलनं रेखाटन करा, तोवर त्या मऊ होतात. पाणी घरून न्या. एकदा बाटली विसरलो आणि खाडीचं पाणी वापरलं, ते चित्र दर पावसाळ्यात ओलसर लागतं.

या धक्क्यांची नावं मला वडिलांकडून कळली. १९८२च्या संपात गिरणी सुटल्यावर ते इथंच हमाली करत. कोळसा बंदर, लाकडी बंदर, हे बंदर. ‘कुठलं बंदर?’ ‘हे बंदर.’ ‘अहो, पण हे म्हणजे कुठलं?’ ‘हे’ म्हणजे इंग्रजीतलं गवत, हे कळायला मला दहावी उजाडली.

जहाजाचं पहिलं चित्र त्यांना दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "एवढं मोठं जहाज काढलंस, वर चढायची शिडी कुठाय?"

पेटीसोबत मिळणाऱ्या ब्रशनं शिडी निघत नाही, त्याचं टोकच जुळत नाही. तो भाचीला परत द्या. शून्य नंबरचा वेगळा आणा.