दादरला घेतलेला लाइटवाला पृथ्वीगोल : लाइट सोडा, दांडी बघून घ्या

सुट्टी लागल्यापासून लेकीने डोकं खाल्लं होतं, ग्लोब पाहिजे ग्लोब पाहिजे. चौथी संपली, पाचवीची पुस्तकं वरच्या मजल्यावरच्या ताईकडून आधीच आली, त्यात तिने सूर्यमाला बघितली आणि तेव्हापासून हे सुरू. म्हटलं मोबाईल तर मागत नाहीये ना, मग घेऊया. एका शनिवारी दादर वेस्टला गेलो, स्टेशनच्या जवळच स्टेशनरीचं जुनं दुकान आहे, नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी आहेत आणि दुकानातले काका माणूस म्हणून चांगले आहेत.

काकांनी तीन दाखवले. एक छोटा, पेन स्टँडला चिकटवलेला, तो शोपीस आहे, सोडून द्या. दुसरा आठ इंची, आतून लाइट लागणारा, साडेअकराशे रुपये. तिसरा महागातला, डोंगर वर आलेले, हात फिरवला की हिमालय हाताला लागतो, तो बावीसशे. लेक अर्थातच तिसऱ्यावर भाळली, मी पण जवळजवळ घेतलाच होता, पण नवऱ्याने तिथेच मोबाईल काढून हिशोब केला. आठ इंच म्हणजे साधारण २० सेंटिमीटर, खरी पृथ्वी १२,७४२ किलोमीटर व्यासाची, त्या मापाने ८,८४९ मीटरचा एव्हरेस्ट एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही, ०.१४ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम कागदाच्या जाडीएवढा. आणि त्या ग्लोबवर हिमालय म्हणजे पोळपाटावर कणीक सांडल्यासारखा. बावीसशे देऊन चुकीचं कशाला शिकवायचं म्हणून दुसराच घेतला. (खरं कारण बावीसशे हेच होतं, पण असो.)

आता लाइटबद्दल, कारण बॉक्सवर सगळी जाहिरात त्याचीच आहे. लाइट बंद असताना देशांचा नकाशा आणि लावला की नक्षत्रं दिसतात. दिसायला भारीच आहे, रात्री खोलीत अंधार करून लावला की पोरं गप्प होतात. पण शिकायच्या नावाने गोंधळ आहे. नक्षत्रं देशांच्या अंगावरच छापल्यासारखी दिसतात, तर पहिल्याच रात्री लेक मला विचारते, आई मृग नक्षत्र आफ्रिकेत असतं का? आता तिला सांगा की बाई ते तारे पृथ्वीच्या बाहेर चहूकडे आहेत, त्यांचा खरा गोल काढायचा तर आपण त्याच्या आत बसलेलो पाहिजे, आणि इथे ते कापडावरच्या छापासारखे पृथ्वीवरच उमटलेत. वरळीच्या नेहरू तारांगणात दिवाळीच्या सुट्टीत शो दाखवला होता, मराठीतला, तिथे घुमटाखाली मान वर करून बसलं की हे एका मिनिटात कळतं, ते आठवून दिलं तेव्हा कुठे पटलं. ते तारांगण १९७७ सालचं आहे, मी स्वतः शाळेच्या ट्रिपने गेलेली. तारे बघायचे असतील तर तिकडे जा, ग्लोबच्या लाइटसाठी जास्तीचे पैसे घालवू नका.

मग पैसे कशाचे वसूल झाले तर दांडीचे. ही जी तिरकी दांडी असते ना, साडेतेवीस अंशात कललेली, ती. आमच्या ग्लोबची दांडी धातूची आहे, घट्ट आहे, कोन बरोबर आहे, मी कंपासमधला कोनमापक लावून बघितला. स्वस्तातल्या काही ग्लोबना ती सरळ उभीच असते, ते हातात पण घेऊ नका.

झालं असं की लेकीला विचारलं उन्हाळा का होतो तर म्हणाली सूर्य जवळ येतो म्हणून. मी पण अर्धीमुर्धी तशीच समजूत घेऊन एवढी वर्षं जगले, खोटं कशाला बोलू. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किलोमीटर, आणि जुलैमध्ये सगळ्यात लांब, १५.२ कोटी. मग रात्री हॉलमध्ये टेबल लॅम्पची टोपी काढून मधे ठेवला, बाकी दिवे बंद, आणि ग्लोब उचलून मी लॅम्पभोवती फेरी मारली. पहिल्या फेरीत माझंच चुकलं. मी फिरताना दांडीचं वरचं टोक सारखं बल्बकडे वळवत राहिले, म्हणजे भारताला बारा महिने उन्हाळा. नवरा म्हणाला बरोबर आहे की, मुंबईत तसंच असतं.

दुसऱ्यांदा नियम केला, टोक कायम फ्रिजच्या दिशेने. आपण कुठेही असू, टोक फ्रिजकडे. खऱ्या पृथ्वीचं ध्रुव ताऱ्याकडे असतं, आमच्या घरात ध्रुव तारा म्हणजे फ्रिज. आता बघा, लॅम्पच्या पलीकडे सोफ्याजवळ गेलं की टोक आपोआप बल्बकडे झुकतं, भारत उजेडात येतो, उन्हाळा. फेरी मारून फ्रिजजवळ आलं की तेच टोक बल्बपासून लांब, आपल्याकडे थंडी आणि ऑस्ट्रेलियात उन्हाळा. लेक पाच वेळा फिरली, मग आजीला बोलावून दाखवलं, आजी म्हणाल्या अगो मग दक्षिणायन उत्तरायण म्हणतात ते हेच की! परिवलन आणि परिभ्रमण हे दोन शब्द माझे शाळेत कायम उलटेपालटे व्हायचे, लेकीचे होणार नाहीत असं वाटतंय, कारण एकात ती ग्लोबला टिचकी मारते आणि दुसऱ्यात तिला स्वतःला चालावं लागतं. टिचकी मात्र पश्चिमेकडून पूर्वेकडे मारायला सांगा, सगळी पोरं उलटी फिरवतात.

१५ मेला शून्य सावलीचा दिवस होता. मुंबई १९ अंश उत्तरेला, त्या दिवशी दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. सेक्रेटरींकडून गच्चीची चावी मिळवायला तीन फोन करावे लागले, पण गेलो, आणि १२ वाजून ३५ मिनिटांनी पाण्याची स्टीलची बाटली ठेवली तर तिची सावली तिच्या बुडाखालीच. लेकीने विचारलं बारा वाजता का नाही, तर उत्तर पुन्हा ग्लोबवरच सापडलं. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं आणि मुंबई आहे ७३ च्या आसपास, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३५-४० मिनिटं आपला सूर्य उशिरा. तिचा मामा नागपूरला असतो, त्याच्याकडे हा दिवस दहा-अकरा दिवसांनी येतो, आणि दिल्लीवाल्यांकडे कधीच नाही कारण ते कर्कवृत्ताच्या वर. हे ऐकून तिला भयंकर आनंद झाला, का ते विचारू नका. दुसरी संधी जुलैच्या शेवटी असते पण तेव्हा मुंबईत सूर्य शोधायला गच्चीवर कोण जाणार.

आणखी एक खेळ फुकटातला. २० सेंटिमीटरची पृथ्वी असेल तर चंद्र साडेपाच सेंटिमीटरचा, म्हणजे बऱ्यापैकी मोठं लिंबू, आणि तो ठेवायचा सहा मीटरवर. आमच्या हॉलमध्ये मावला नाही, लेक लिंबू घेऊन दाराबाहेर पॅसेजमध्ये उभी. सूर्य घ्यायचा तर सात मजली बिल्डिंगएवढा गोळा, आणि ग्लोब दादर स्टेशनवर असेल तर हा गोळा लोअर परळ स्टेशनच्या आसपास. पण मला स्वतःला सगळ्यात जास्त धक्का स्पेस स्टेशनने दिला. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला जिथे १८ दिवस राहून आले ते ४०० किलोमीटरवर आहे, ग्लोबवर मोजलं तर सहा मिलिमीटर, करंगळी आडवी ठेवली तरी ती त्याच्यापेक्षा जाड. आणि चांद्रयान ३ गेलं ते त्या पॅसेजमधल्या लिंबावर, २३ ऑगस्ट २०२३ ला, लेक दुसरीत होती, शाळेत सगळ्यांना एकत्र बसवून दाखवलं होतं. तेव्हा नुसत्या टाळ्या वाजवल्या होत्या, आत्ता म्हणते बापरे इतकं लांब.

आता तक्रारी. विषुववृत्तावर दोन अर्धगोल चिकटवलेत तिथे सांधा दोन मिलिमीटर सरकलाय, ब्राझीलचा किनारा तुटलाय. दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्या पृथ्वीवर सव्वाशे किलोमीटर, विमानाच्या रेषेत मुंबई ते पुणे! मुंबईचा ठिपका तर सरळ अरबी समुद्रात छापलाय. आम्ही हिंदमाताजवळ राहतो, तिथे पावसात पाणी तुंबतं, त्यामुळे पावसाळ्यात ते बरोबरच म्हणायचं, पण बाकीचे आठ महिने काय? सोबत फुकट दिलेल्या पोस्टरवर ग्रह नऊ आहेत. प्लुटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून काढलं, अजून हे लोक जुनेच पोस्टर छापतायत, आणि त्यावर ग्रह असे खेटून उभे की व्हीटीची सकाळची लोकल. वायर एवढी आखूड की टेबलावर ठेवला तर प्लगपर्यंत पोचत नाही, ती चौथ्या दिवशी गेलीच.

घेणार असाल तर दुकानातच बॉक्समधून बाहेर काढा, सांधा बघा, मुंबई जमिनीवर आहे का बघा, दांडी हलवून बघा. ऑनलाइन मागवाल तर यातलं काहीच बघता येणार नाही.

वायर घेऊन परत गेले तर काकांनी लगेच बदलून दिली, वर म्हणाले ताई ग्लोबच बदलून न्या, नवीन माल आलाय. मी तयार होते. पण लेकीने तोपर्यंत आजीची लाल टिकली काढून मुंबईच्या खऱ्या जागेवर, जमिनीवर लावली होती आणि एक नागपूरला मामाची, तिला तोच हवाय. त्यामुळे ब्राझील तुटलेलाच राहणार. पाचपैकी साडेतीन, त्यातला एक पूर्ण स्टार वायर आणि सांध्याचा कापलाय आणि अर्धा प्लुटोचा.