७५ नंतर डायरेक्ट १२४! कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या छोट्या पुस्तकाचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी वकील वगैरे नाही. भोसरी एमआयडीसीत पावडर कोटिंगचा गाळा आहे, जॉबवर्क करतो, म्हणजे पार्टी पत्र्याचे बॉक्स पाठवते, आम्ही धुऊन पावडर मारून ओव्हनमधून काढून परत पाठवतो, माल त्यांचा मेहनत आपली. असला माणूस कायद्याच्या पुस्तकाचा रिव्ह्यू का लिहितोय? पेमेंट अडकलं म्हणून, दुसरं काय.

पुस्तक म्हणजे करारांचा कायदा, इंडियन कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट, १८७२ चं बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे नुसती कायद्याची कलमं, इंग्रजी आणि मराठी दोन्ही असलेलं, अप्पा बळवंत चौकातून घेतलं, दीडशे रुपये गेले. कागद एकदम पातळ, मागचं छापलेलं पुढून दिसतं, आणि बाइंडिंग आठवड्यात सुटायला लागलं (गाळ्यावर ठेवलं की सगळ्याचंच तसं होतं म्हणा, आता कव्हरवर सिमेन्स ग्रे पावडरचा अंगठा उमटलाय तो काही जात नाही).

घरी येऊन चाळायला लागलो तर कलम ७५ संपलं आणि पुढच्या पानावर डायरेक्ट १२४. म्हटलं झालं, पानं गळलेली कॉपी गळ्यात मारली. दुसऱ्या दिवशी टू-व्हीलर काढून परत चौकात, पार्किंगसाठी तीन चकरा, आणि काउंटरवरच्या काकांना म्हटलं काका मधली पानं गळलीत, बदलून द्या. त्यांनी पुस्तक हातात पण नाही घेतलं, म्हणाले, "साहेब, ती १९३० सालीच गळलीत." तर झालंय असं की ७६ ते १२३ ही माल विक्रीची कलमं १९३० मध्ये काढून त्यांचा वेगळा सेल ऑफ गुड्स अ‍ॅक्ट केला, आणि शेवटची २३९ ते २६६ पार्टनरशिपची, ती १९३२ मध्ये वेगळी झाली. म्हणून पुस्तक २३८ ला संपतं. कॉपी बरोबरच होती, चकरा फुकट. तुम्ही घेतलंत तर परत करायला जाऊ नका एवढ्यासाठी हे लिहिलं.

आता खरा मुद्दा. या पुस्तकात कलमं वाचून काही कळत नाही, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं असतं, पण कलमाखाली जी उदाहरणं दिलीत ना त्यांच्यासाठी पैसे द्यायचे. घोडे, जहाजं, तांदूळ, गिरणी, सगळा दीडशे वर्षांपूर्वीचा माल, पण माणसं अगदी आपल्या इथलीच वाटतात. एक जण हजाराचा घोडा दहा रुपयांना द्यायला तयार होतो, आणि कायदा म्हणतो त्याची संमती खरोखर मोकळी असेल तर चालेल, व्यवहार पक्का, भाव कमी का केला हे बघणं आमचं काम नाही. रेट पाडून काम घेणाऱ्यांनी हे फ्रेम करून लावावं (मी पण त्यात आलो). एक जण तर जादूने गुप्तधन शोधून द्यायचा करार करतो. तो करार रद्दबातल, कारण मुळातच अशक्य गोष्ट. हे मी बायकोला वाचून दाखवलं तर म्हणाली तुमच्या त्या पार्टीकडून पेमेंट काढणं पण यातच बसतं का बघा.

पार्टी म्हणजे चाकणकडची, नाव नको. दोन लॉटचे मिळून एक लाख शहाऐंशी हजार येणं बाकी, आणि तिसऱ्या लॉटचे ३४० बॉक्स कोट होऊन गाळ्यात उभे. लाइनीतले सगळे म्हणाले माल सोडू नको, अडवून ठेव, आपोआप येतील पैसे घेऊन. पुतण्या लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तो म्हणाला काका आधी कलम १७० वाचा.

वाचलं. दुसऱ्याच्या मालावर तुम्ही मेहनत किंवा कौशल्य लावलं असेल तर त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत माल धरून ठेवता येतो. खाली उदाहरण, कच्चा हिरा पैलू पाडायला जवाहिऱ्याकडे दिला, पैसे मिळेपर्यंत तो हिरा ठेवून घेऊ शकतो. मी एकदम खूश, म्हटलं आपले बॉक्स म्हणजे हिरेच. मग लगेच खालचं उदाहरण वाचलं. शिंप्याकडे कोटाचं कापड दिलं, शिंप्याने कबूल केलं की कोट झाल्या झाल्या देतो आणि पैशाला तीन महिन्यांची उधारी. या शिंप्याला कोट अडवता येत नाही. आणि माझ्या स्वतःच्या कोटेशनवर, मीच टाइप करून घेतलेलं, "४५ दिवस क्रेडिट". म्हणजे मी जवाहिऱ्या नाही, शिंपी निघालो.

बरं म्हटलं हा लॉट राहू दे, मागच्या दोन लॉटच्या बाकीपोटी तरी धरतो. तर पुढचंच कलम १७१. मागच्या सगळ्या हिशोबाच्या बाकीपोटी हातात असलेला कुठलाही माल धरून ठेवायचा हक्क कायदा फक्त मोजक्या लोकांना देतो, बँका, अडते, बंदराच्या धक्क्यावर माल ठेवून घेणारे धक्केवाले, हायकोर्टाचे वकील (बघा, स्वतःला कसे विसरले नाहीत) आणि विम्याचे पॉलिसी ब्रोकर. त्यात पावडर कोटिंगवाला कुठे नाही. बाकी कुणालाही तो हक्क नाही, पण, आणि हा पण दीडशे रुपयांचा आहे, तसा स्पष्ट करार केलेला असेल तर आहे. म्हणजे इतकी वर्षं कोटेशनवर एक ओळ जास्त टाकली असती तर काम झालं असतं. आम्ही काय टाकत होतो, तर खाली "आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद".

आता टाकलीय ती ओळ, मागची बाकी असेल तर हातातला माल धरून ठेवायचा हक्क राहील, आणि कोटेशनवर पार्टीची सही-शिक्का घेतल्याशिवाय माल उतरवून घेत नाही. दोन पार्ट्यांनी कुरकुर केली, एक गेली, जाऊ दे.

सहीवरून आठवलं, करार म्हणजे स्टॅम्प पेपर आणि नोटरी असा माझा समज होता. कलम १० मध्ये तसं काही नाहीच. दोघांची मोकळी संमती, दोघं सज्ञान आणि शुद्धीवर, मोबदला कायदेशीर, उद्देश कायदेशीर, बास. ज्याला दुसऱ्या एखाद्या कायद्याने लेखी किंवा रजिस्टर करायला सांगितलंय ते वेगळं, बाकी तोंडी पण चालतं, फक्त सिद्ध करताना नाकी नऊ येतात. आणि कलम ७ वाचून तर मी कपाळावर हात मारला. होकार बिनशर्त पाहिजे. मी ४५ दिवसांचं कोटेशन पाठवतो, ते पीओच्या (परचेस ऑर्डरच्या) मागे बारीक अक्षरात ९० दिवस छापून पाठवतात, म्हणजे तो माझ्या कोटेशनला होकार नाहीच, तो त्यांचा नवा प्रस्ताव, आणि मी पीओची मागची बाजू न बघता ओव्हन चालू केला की कलम ८ प्रमाणे काम करून मीच त्यांना हो म्हटलं. पीओची मागची बाजू! आमच्याकडे तिचा उपयोग आजपर्यंत फक्त चहाचा हिशोब लिहायला झालाय. (९० दिवसांचं म्हणाल तर उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या मायक्रो आणि स्मॉल युनिटला २००६ चा एमएसएमई कायदा आहे, लेखी ठरवलं तरी ४५ च्या वर जाता येत नाही, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. पण ते या पुस्तकात नाही.)

पेनल्टीवाल्यांनी ७४ बघा. पीओत दिवसाला अमुक टक्के दंड छापला म्हणून तेवढा आपोआप मिळतो असं नाही, वाजवी भरपाई मिळते आणि छापलेला आकडा ही वरची मर्यादा. ७३ मधलं गिरणीच्या मशीनचं उदाहरण पण भारी आहे, ट्रान्सपोर्टवाल्याने मशीन उशिरा पोचवलं, गिरणी बंद राहिली, त्या दिवसांचा सरासरी नफा मिळतो पण हातचं गेलेलं सरकारी काँट्रॅक्ट मात्र त्याच्या डोक्यावर मारता येत नाही.

आता शिव्या. मराठी बाजू वाचवत नाही. संविदा (करार), प्रतिफल (मोबदला), धारणाधिकार (माल धरून ठेवायचा हक्क), अरे भोसरीत कोण बोलतं असं? मी शेवटी मराठी वाचून इंग्रजीत अर्थ शोधत होतो. मागे सूची नाही, कोर्टाचे निकाल नाहीत. कलम ११ म्हणतं करार करायला सज्ञान पाहिजे, पण अज्ञानाबरोबर (वयात न आलेल्याबरोबर) केलेला करार साफ शून्य असतो हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, १९०३ मध्ये ठरवलं ते पुतण्याकडून कळलं, पुस्तकात एका ओळीची टीप पण नाही. बेअर अ‍ॅक्ट असंच असतं म्हणे, फक्त कायदा, बाकी काही नाही. ठीक आहे, एक स्टार त्याचा कापला. पाचपैकी चार.

त्या ३४० बॉक्सचं विचाराल तर अडवायची धमकी दिलीच नाही. फोन करून सरळ म्हटलं शेठ, हा लॉट तेवढा रोखीने करा, मागचं नंतर बोलू. दोघांच्या संमतीने ठरलेलं बदलता येतं, कलम ६२, हे तेव्हा डोक्यात होतं, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागितलं, तिकडून नुसतं "ओके" आलं. टेम्पो भरायच्या आधी त्या लॉटचे पैसे जमा. एक लाख शहाऐंशी अजून लटकलेत, अडकलेल्या पेमेंटच्या तक्रारींसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्ज टाकलाय.

घेताना एक करा, काउंटरवरच पहिलं पान उघडून कलम १ बघा. जम्मू-काश्मीर वगळून असं छापलेलं असेल तर २०१९ च्या आधीचा जुना माल आहे, तो घेऊ नका. ७५ नंतर १२४ दिसलं तर घ्या, आणि काकांना काही विचारू नका.