लेबल बघून घ्यावं की कमीच घ्यावं?

मांस, अंडी, दूध सोडायचं नाही, पण जनावरं ज्या पद्धतीनं वाढवली जातात ते पटतही नाही, अशा माणसापुढे व्यवहारात दोनच वाटा उरतात. तेवढंच घ्यायचं, पण लेबल बघून आणि चार पैसे जास्त मोजून. नाहीतर लेबलच्या भानगडीत न पडता प्रमाणच खाली आणायचं. मी दोन्ही करून पाहिलंय आणि सध्या दुसऱ्या वाटेवर आहे. पहिलीत दम नाही, असं मात्र म्हणणार नाही.

लेबलचा मोठा गुण म्हणजे गिऱ्हाइकाला नेमकं काय खुपतंय ते उत्पादकाला कळतं. तुम्ही अंडी कमी घेतली तर त्याला एवढंच दिसतं की खप घटला. महागाई, साथीची भीती, उन्हाळा, कारण काहीही असू शकतं. पिंजऱ्याबाहेरच्या कोंबडीची अंडी घेतलीत तर कारण खोक्यावरच छापलेलं असतं. शिवाय पिंजऱ्यांची शेड उभी राहते ती कर्जावर. दोन महिने खप हलला म्हणून ती कोणी मोडत नाही. पण मोठ्या गिऱ्हाइकानं शब्द दिला की गणित बदलतं. मॅकडोनाल्ड्सनं 2015 साली अमेरिका आणि कॅनडासाठी दहा वर्षांत पिंजरामुक्त अंड्यांवर जायचं जाहीर केलं, आणि अमेरिकेत ते 2023 अखेर, मुदतीच्या आधीच, झालं. नेदरलँड्समध्ये 2007 पासून मांसाच्या पाकिटांवर, जनावर किती बऱ्या पद्धतीनं वाढवलं ते सांगणारे, एक ते तीन तारे असतात. तिथल्या सुपरमार्केटांनी 2023 अखेरपर्यंत ताजं चिकन किमान एका ताऱ्याचं करायचं ठरवलं, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या जातीच्या कोंबडीचं. माझ्यासारख्याच्या सुट्या सुट्या कपातीतून हे घडलं असतं असं वाटत नाही.

युरोपीय संघातली अंडी या बाबतीत सगळ्यात सोपी. कवचावरच आकडा असतो: 0 सेंद्रिय, 1 मोकळी फिरणारी, 2 शेडमध्ये पण पिंजऱ्याबाहेर, 3 पिंजऱ्यातली. जुने बॅटरी पिंजरे, म्हणजे ओळीनं लावलेले तारेचे उघडेबोडके पिंजरे, तिथे 2012 पासून बंद आहेत. त्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला 550 चौरस सेंटिमीटर जागा यायची, ए-फोर कागदाहूनही कमी. आता पिंजरा ठेवायचाच असेल तर 750 लागते आणि आत बसायला दांडी, घरट्याची जागा वगैरे द्यावी लागते. कागदाच्या मानानं सुधारणा आहे, कोंबडीच्या मानानं किती ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मग मी तिथेच का थांबलो नाही? कारण तो आकडा कवचावर असतो, आणि कवच फुटलं की संपला. मेयोनीजच्या बाटलीची मागची बाजू वाचून बघा. तेल, पाणी, अंड्याचा बलक, व्हिनेगर, साखर, मीठ. बलक कुठल्या कोंबडीचा, ते सांगायचं बंधन नाही. केक, पास्ता, बिस्किटं, सगळीकडे हीच गत. खोक्यातल्या सहा अंड्यांसाठी जास्तीचे पैसे मोजायचे आणि त्याच टोपलीत बिस्किटांचा पुडा, ज्यातल्या बलकाच्या पावडरीच्या कोंबडीचा पत्ताच नाही. काही कंपन्या आपणहून लिहितात, नाही असं नाही. पण मग प्रत्येक बाटली उलटून बारीक अक्षरं वाचत बसायचं. मला याचा वैताग आला, आणि खरं सांगायचं तर निर्णय इथेच झाला. बाकीची कारणं नंतर जुळवली.

ती कारणं अगदीच पोकळ नाहीत. अंडी देणाऱ्या जातीत नर पिल्लांचा मांसासाठीही फारसा उपयोग नसतो, म्हणून उबवणी केंद्रातच ती पहिल्या दिवशी मारली जातात. खोक्यावर 1 असो की 3, याला साधारणपणे फरक पडत नाही. जर्मनीनं 2022 पासून यावर बंदी घातली, पण ती कायद्यानं, लेबलनं नव्हे. आणि दुकानातला माणूस मतपेटीपुढच्या माणसाहून वेगळा वागतो. कॅलिफोर्नियात 2008 साली सुमारे 63 टक्के मतदारांनी कोंबड्यांना हातपाय पसरता यावेत म्हणून कौल दिला, पण त्या काळात पिंजरामुक्त अंड्यांचा खप एकूण खपाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होता. संध्याकाळी दमून रांगेत उभं असताना स्वस्त खोक्याकडे हात जातो, त्याला कोण काय करणार.

कमी घेण्यात हा छळ नाही. काय टाळायचं ते घरी ठरतं, दुकानात वाचत बसावं लागत नाही आणि बाटलीतला बलकही आपोआप घटतो. पण दोन खाचखळगे आहेत. तुम्ही एक अंडं कमी घेतलंत म्हणून उत्पादन पूर्ण एकानं घटत नाही. भाव जरा उतरतो आणि त्यातलं थोडं दुसरा कोणीतरी उचलतो. हे मी मान्य करून टाकलंय.

दुसरा खळगा मोठा. लोक गोमांस कमी करतात आणि त्या जागी चिकन आणतात. एका गाईबैलाच्या मांसाएवढं मांस जमवायला शंभराहून जास्त कोंबड्या लागतात, आणि त्या कोंबड्या कशा? 1957 सालची मांसाची जात 56 दिवसांत जेमतेम 900 ग्रॅम भरायची. 2005 सालची तेवढ्याच दिवसांत 4 किलोच्या वर गेली. पाय आणि हृदय त्या वेगाला पुरत नाहीत. हवामानाचा हिशेब मात्र नेमका उलटा. पशुपालनातून होणाऱ्या उत्सर्जनात सर्वात मोठा वाटा गाईबैलांचा, कोंबडी त्या मानानं बरीच हलकी. तेव्हा जनावरांचे हाल डोक्यात असतील तर आधी चिकन आणि अंडी कमी करा, हवामान असेल तर आधी गोमांस. दोन्ही एकदम साधायचं तर डाळी-कडधान्यांकडेच वळावं लागतं. दुधाचंही तेच: पेला कमी केला आणि चीज वाढवलं तर हिशेब उलटा बसतो, कारण किलोभर चीजला साधारण दहा लिटर दूध जातं.

माझा कल कुठे आहे ते एव्हाना कळलंच असेल. पण वसतिगृहाची किंवा कँटीनची खरेदी तुमच्या हातात असेल, तर माझं ऐकू नका. तिथे एका सहीवर सगळ्या अंड्यांचा पुरवठा बदलतो, बलकाच्या पावडरीसकट, आणि पुरवठादाराला लेखी अट घालता येते. आणि ज्यांच्या घरी मुळातच क्वचित अंडी येतात त्यांनी बिनदिक्कत लेबल बघून महागडी घ्यावीत. त्यात कमी करण्यासारखं आहेच काय?