होडीच्या मशीनला पाणी वेगळं करणारा फिल्टर: नऊ महिन्यांचा अनुभव

मालवणजवळ देवबागला आमची फायबरची छोटी होडी आहे, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या टोकाला बाहेरून लावायचं मशीन. गेल्या वर्षी पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर मशीन सुरू झालं, फुल थ्रॉटलला छान पळायचं, पण वेग कमी केला की बंद. कर्ली नदीच्या मुखाशी लाट बघून वेग कमी करावाच लागतो, आणि नेमकं तिथे ते दोनदा बंद पडलं. बाबांनी वल्हं मारलं म्हणून होडी वाळूवर चढली नाही.

हे लक्षण स्लो जेट तुंबल्याचं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) कमी वेगाला पेट्रोल सोडणारा छोटा पितळी तुकडा. त्याचं भोक केसाएवढं असतं, त्यामुळे कचरा आधी तिथेच अडकतो. ऑगस्टमध्ये तीनदा कार्बोरेटर खोलला. दर वेळी बाऊलच्या, म्हणजे कार्बोरेटरखाली पेट्रोल साठतं त्या भांड्याच्या, तळाला पाण्याचे थेंब आणि पांढरी भुकटी. पहिल्यांदा मी जेटमध्ये तार घातली, ते चुकलंच. पितळ मऊ, भोक मोठं झालं आणि नवा जेट घालावा लागला. कार्ब क्लीनर आणि हवेचा झोत, एवढंच करा.

शेवटी मेस्त्रीकाका म्हणाले, "आधी टाकी बघ रे, मगे कार्बोरेटर खोल." टाकी उपसली तर तळाला पाण्याचा वेगळा थर. इथेनॉलवालं पेट्रोल हवेतला ओलावा धरतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन खाली बसतं, आणि मशीनची नळी पेट्रोल ओढते ती तळातूनच.

मग टाकी आणि नळीवरच्या, हाताने दाबायच्या रबरी पंपाच्या मध्ये १० मायक्रॉनचा, खाली पारदर्शक वाटी असलेला फिल्टर बसवला. पहिल्या आठवड्यात वैताग आला: क्लॅम्प सैल, नळी हवा ओढायची, पंप कितीही दाबला तरी कडक होईना. क्लॅम्प बदलल्यावर ते थांबलं. पावसाळ्यात रोज सकाळी वाटीतून चमचाभर पाणी काढायचो, दिवाळीनंतर क्वचित. सप्टेंबरपासून आजपर्यंत कार्बोरेटर एकदाही खोललेला नाही. मला हा खर्च शंभर टक्के पटला.

एकदा मात्र जानेवारीत पंधरा मिनिटं चालून मशीन मेलं. पंप दाबला की जिवंत, सोडला की पुन्हा गप. म्हणजे दोष कार्बोरेटरच्या अलीकडे. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू बंद राहिला होता, आत हवा जाईना म्हणून पेट्रोल बाहेर येईना!

बरेच दिवस पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा मात्र हा फिल्टर अडवत नाही, कारण तो बाऊलमध्येच सुकतो. म्हणून यंदा बंदीसाठी मशीन ठेवण्याआधी, ३१ मेला, पिंपात गोड्या पाण्यावर मशीन चालवून, नळी काढून, ते आपोआप बंद पडेपर्यंत बाऊल कोरडा करणार आहे. टाकीही रिकामी ठेवणार.